भावाला फ्लॅट विकताना: सवलत मोकळ्या मनाने द्या, कागद मात्र परक्याशी करावा तसा करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे महापालिका हद्दीतला एक फ्लॅट मोठ्या भावाच्या एकट्याच्या नावावर आहे. 2009 साली तो 24 लाखांना घेतला, त्यातले 6 लाख वडिलांनी दिले होते. वडील आता हयात नाहीत. आई त्याच फ्लॅटमध्ये राहते, बहीण लग्नानंतर नाशिकला असते. फ्लॅट आता धाकटा भाऊ घेणार आहे. बाहेर विकला तर 80 लाख येतील, रेडी रेकनरने (सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या दरांनी) किंमत 68 लाख निघते आणि दोघा भावांत 55 लाख ठरले आहेत. त्यातल्या 35 लाखांसाठी धाकटा कर्ज काढेल. मध्ये एजंट नको आहे. कागद कसे करावेत आणि अडचण कुठे येईल, हे मोठ्या भावाने विचारलं आहे.

एजंट नको, हे योग्यच. त्याचं मुख्य काम गिऱ्हाईक आणण्याचं, आणि तुमचं गिऱ्हाईक घरातच आहे. दोन्ही बाजूंची मिळून लाख-दोन लाख दलाली वाचेल. पण परका माणूस घर घ्यायला आला की तो चार नकोसे प्रश्न विचारतोच. मूळ कागद दाखवा, कर्ज आहे का, घरात कोण राहतं, बाकीच्या भावंडांचं काय म्हणणं आहे, ताबा कधी देणार. भाऊ हे विचारत नाही, कारण दादाला वाईट वाटेल. दादाही सांगत नाही, कारण धाकट्याला सगळं माहीतच आहे असं तो धरून चालतो. इतकी वर्षं दस्त करताना मी पाहत आलो आहे की घरातले व्यवहार बिघडतात ते इथे. म्हणून सवलत हवी तेवढी द्या, पण ती उघडपणे द्या. आणि कागद असा करा की उद्या तुम्ही दोघं समोर नसतानाही तुमच्या मुलांना तो वाचून सगळा व्यवहार कळावा.

किमतीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

भावाला घर किती रुपयांना विकायचं, हे ठरवायला कायदा तुम्हाला अडवत नाही. 55 लाखांचं खरेदीखत वैध आहे. पण मुद्रांक शुल्क आणि आयकर तुमच्या 55 लाखांकडे पाहून थांबत नाहीत. मुद्रांक शुल्क ठरलेला मोबदला आणि रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. म्हणजे इथे 68 लाखांवर. पुणे महापालिका हद्दीत मूळ 5 टक्के आणि स्थानिक संस्था व मेट्रोचे मिळून 2 टक्के, असे 7 टक्के धरले तर 4,76,000 रुपये. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30,000. भावाने भावाला विकलं म्हणून खरेदीखतावर कसलीही सूट नाही. लोक बक्षीसपत्राची सवलत ऐकून येतात आणि ती विक्रीलाही लागू आहे असं समजतात. ती लागू नाही.

निवासी जागा फक्त स्त्रीच्या नावावर घेतली तर 2021 पासून शुल्कात 1 टक्का सवलत आहे. तुमची भावजय एकटी खरेदीदार झाली तर 68,000 रुपये वाचतील. पण नवरा-बायको दोघांची नावं घातली की सवलत गेली. शिवाय कर्ज भावाच्या पगारावर मिळणार असेल, तर बँकेला तो नुसता सहकर्जदार म्हणून चालेल की मालक म्हणूनही हवा आहे, हे आधी विचारावं लागेल. आणि मालकी कोणाच्या नावावर असावी हा 68,000 रुपयांपेक्षा मोठा प्रश्न आहे. तो त्या दोघांनी आपापसात ठरवावा, शुल्क वाचतंय म्हणून नव्हे.

आता आयकर. ही गोष्ट बहुतेकांना व्यवहार झाल्यावर कळते. खरेदीखतातली किंमत रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा बरीच कमी असेल, तर विकणाऱ्याला रेडी रेकनरची किंमत मिळाली असं गृहीत धरून भांडवली नफा, म्हणजे घर विकून झालेला करपात्र नफा, मोजला जातो. 1961 च्या कायद्यात हे कलम 50सी होतं. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे तुमच्या सीएने दुसरा क्रमांक सांगितला तर गोंधळू नका. 10 टक्क्यांपर्यंतचा फरक माफ आहे. 55 लाखांवर 10 टक्के म्हणजे 60 लाख 50 हजार. रेकनर 68 लाख. म्हणजे तुम्ही माफीच्या बाहेर आहात, आणि जे 13 लाख तुम्हाला कधी मिळालेच नाहीत ते तुमच्या हिशेबात धरले जातील.

त्याचा भार किती, हे आकड्यात पाहू. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेलं घर निवासी भारतीयाने विकलं तर कर दोन प्रकारे मोजता येतो. एक म्हणजे महागाई निर्देशांक (जुनी खरेदी किंमत महागाईनुसार वाढवणारा सरकारी आकडा) न लावता 12.5 टक्के, दुसरा म्हणजे निर्देशांक लावून 20 टक्के. जो कमी तो भरायचा. पहिल्या प्रकाराने 68 वजा 24 म्हणजे 44 लाखांचा नफा, कर साडेपाच लाख. दुसऱ्या प्रकारात 2009-10 चा निर्देशांक 148 आणि 2025-26 चा 376 धरला तर तुमची 24 लाखांची खरेदी आज जवळपास 60 लाख 97 हजारांची होते. नफा उरतो सात लाखांच्या आसपास, कर सुमारे 1 लाख 40 हजार आणि वर 4 टक्के उपकर. 2009 साली भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीही खरेदीच्या खर्चात धरता येते, म्हणून त्या पावत्या शोधा. नफा आणखी खाली येईल. विक्री ज्या आर्थिक वर्षात होईल त्या वर्षाचा निर्देशांक घालून हा हिशेब सीएकडून पक्का करून घ्या. मुद्दा असा की खऱ्या 55 लाखांवर तुम्हाला एक रुपयाही कर आला नसता. भावाला दिलेल्या सवलतीवर कर तुम्ही भरणार आहात.

दोघांनी बसून हे पाहिलं की बहुतेकदा किंमत जराशी सरकते. तुमच्या बाबतीत 62 लाख केली तर रेकनर 10 टक्क्यांच्या आत येतो, आणि तुमचा कर फारच थोडा उरतो. भावाला तरीही बाजारापेक्षा 18 लाख स्वस्त मिळतं. त्याला 55 च परवडत असतील तर 55 लाच द्या, पण कर आपल्यावर येतोय हे माहीत असू द्या. तुमच्या घरच्यांनाही ते आधीच सांगा.

कागदावर 62 लाख दाखवू आणि 7 लाख रोखीने परत करू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. हे खोटं आहे आणि पकडलंही जातं. जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड लागू शकतो. पुढेमागे तुम्हाला भावाला खरोखर काही रक्कम द्यावीशी वाटली, तर भावाभावांतली भेट करमुक्त आहे आणि ती बँकेतून देता येते. फक्त खरेदीखताच्या दुसऱ्या दिवशी तीच रक्कम उलटी गेली, तर तिला कोणी भेट म्हणणार नाही.

भावाच्या बाजूने मात्र चांगली बातमी आहे. घर रेकनरपेक्षा 50,000 हून आणि 10 टक्क्यांहून जास्त स्वस्त मिळालं, तर एरवी तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो. जवळच्या नातेवाइकाकडून मिळालं तर नाही, आणि सख्खा भाऊ त्या यादीत आहे. यादी मात्र नीट पाहावी लागते. नवरा-बायको, सख्खी भावंडं, जोडीदाराची भावंडं, आई-वडिलांची भावंडं, स्वतःच्या आणि जोडीदाराच्या थेट वर-खाली पिढीतले लोक आणि या सगळ्यांचे जोडीदार, एवढेच त्यात येतात. चुलत, मावस, मामे, आते भावंडं येत नाहीत. एक विचित्र गोष्ट अशी की काकाने पुतण्याला स्वस्तात घर दिलं तर पुतण्याला कर नाही, कारण पुतण्याच्या यादीत काका आहे. पुतण्याने काकाला दिलं तर काकाला कर आहे, कारण काकाच्या यादीत पुतण्या नाही.

मोबदला किंवा रेकनरची किंमत 50 लाख किंवा जास्त असेल, तर घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, सरकारकडे भरायचा असतो. नात्यातही. तोही दोन्ही किमतींपैकी जास्त असेल तिच्यावर, म्हणजे 68,000 रुपये. किंमत 55 लाख ठेवलीत तर तुमच्या हातात 54,32,000 येतील आणि उरलेले सरकारकडे तुमच्या पॅनवर जमा होतील. कापलेल्या महिन्याच्या अखेरीपासून 30 दिवसांत भरायचं, उशीर झाला तर व्याज आणि विलंब शुल्क भावाच्या डोक्यावर. यासाठी त्याला वेगळा टॅन (कर कापणाऱ्याला मिळणारा क्रमांक) लागत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा विकणारा भाऊ परदेशात स्थायिक असेल, तर 50 लाखांची मर्यादा विसरा. अनिवासीला द्यायच्या पैशांवर कपातीचा दर बराच जास्त असतो आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढावा लागतो. तो यायला वेळ लागतो, तेवढा धरून चाला.

मग खरेदीखतच का करायचं, बक्षीसपत्र का नाही? हा प्रश्न दर वेळी येतो. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाच्या बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र, 200 रुपये आहे. भाऊ-बहीण त्या यादीत नाहीत. त्यांना, तसंच मुलाने आई-वडिलांना दिलं तर, 3 टक्के. स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. बक्षिसात देणाऱ्याला भांडवली नफ्याचा करही नाही. पण बक्षीस म्हणजे मोबदला नाही. तुम्ही पैसे घेणार आहात. बक्षीसपत्र करून मागच्या दाराने 55 लाख घेतलेत, तर ती विक्रीच आहे आणि मुद्रांक शुल्क चुकवलं असा त्याचा अर्थ होतो. बक्षीसपत्रावर बँक खरेदीचं कर्जही देणार नाही.

हक्कसोडपत्रही तुमच्यासाठी नाही. ज्या मिळकतीत अनेकांचे हिस्से आहेत तिथे एक हिस्सेदार दुसऱ्याच्या लाभात आपला हिस्सा सोडतो, त्यासाठी ते असतं. तुमच्या फ्लॅटवर भावाचा आज हिस्साच नाही. तेव्हा खरेदीखत, तेही नोंदणीकृत. आधी साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करून कर्ज मंजूर करून घेणं आणि मग खरेदीखत करणं हा नेहमीचा क्रम. साठेखतावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं असेल तर तेच पुढच्या खरेदीखताला वळतं होतं, दुसऱ्यांदा भरावं लागत नाही.

आता वडिलांचे 6 लाख. तुमच्या प्रश्नातलं माझ्या मते सगळ्यात नाजूक ठिकाण हेच. 2009 चा करारनामा बाहेर काढा आणि त्यात खरेदीदार म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा. फक्त तुमचंच असेल, तर वडिलांनी दिलेले पैसे ही मुलाला केलेली मदत ठरते. तेवढ्याने फ्लॅटमध्ये त्यांचा हिस्सा तयार होत नाही. पण वडिलांचं नाव तुमच्याबरोबर असेल, तर चित्र पूर्ण बदलतं. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांचा अर्धा हिस्सा आई, तुम्ही दोघं भाऊ आणि बहीण अशा चौघांत सारखा वाटला जातो. मग तुम्ही एकटे फ्लॅट विकूच शकत नाही. सोसायटीत वारस म्हणून फक्त तुमचं नाव लागलेलं असेल, तरीही नाही.

ज्यांची जागा वडिलोपार्जित आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. 2005 पूर्वी वडील वारले असले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे एका वारसाने आपला वारसाहक्काचा हिस्सा विकायला काढला, तर बाकीच्या पहिल्या वर्गातल्या (पत्नी, मुलं, आई अशा जवळच्या) वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. म्हणजे दोन भाऊ आपापसात व्यवहार करताना बहिणीला नुसतं कळवणंही पुरेसं नसतं.

तुमच्या फ्लॅटवर बहिणीचा कायदेशीर हक्क नाही असं निघालं, तरी मी तिला दस्तात घ्यावं असंच सांगेन. खरेदीखतात लिहून देणार तुम्ही, लिहून घेणार धाकटा, आणि आई व बहीण मान्यता देणार. त्यात एक परिच्छेद असा असावा की वडिलांनी 2009 साली दिलेले 6 लाख ही लिहून देणार यांना केलेली मदत होती, त्यापोटी आमचा या मिळकतीवर कसलाही हक्क किंवा दावा नाही, आणि ठरलेला मोबदला आम्हाला माहीत आहे. यात बहिणीचं काही काढून घेतलं जात नाही. तिला सगळं समोर बसून सांगितलं जातं आणि तिची सही तशी घेतली जाते. नाशिकहून एक दिवस यायला लागेल, तिला सन्मानाने बोलवा. 80 लाखांचं घर 55 ला गेलं हे तिला पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर तिच्या मनात जो प्रश्न उभा राहील तो कुठलाही दस्त नंतर पुसू शकत नाही. तिला वाईट वाटत असेल तर ते आत्ता बोलू द्या. त्यातून किंमत बदलली तरी चालेल.

आईचा विषयही असाच मोकळा हवा. घर विकल्यावर ती कुठे राहणार? तिथेच, असं तुम्ही सगळे म्हणाल आणि ते मनापासून म्हणाल. पण कागदावर काहीच नसेल तर उद्या धाकट्याचं काही बरंवाईट झालं, घर विकावं लागलं किंवा हप्ते थकून बँकेने ताबा मागितला, तर आईजवळ दाखवायला काय आहे? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 पुष्कळांना ऐकून माहीत असतं. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण ते संरक्षण मालमत्ता देणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीला आहे. इथे देणारे तुम्ही आहात, आई नाही, त्यामुळे ते कलम तिच्या कामाचं नाही. मुलांकडून निर्वाह मागण्याचा तिचा हक्क अबाधित आहे, पण तो याच घरात राहण्याचा हक्क नव्हे.

म्हणून तिच्या हयातभर तिथे राहण्याचा हक्क लेखी असावा. खरेदीखतातच तसं कलम घालता येतं, पण बँकेचे वकील त्याला हरकत घेतील, कारण तारण ठेवलेल्या घरात कोणाचा राहण्याचा हक्क बँकेला नको असतो. माझा मार्ग असा असतो की बँकेकडे मसुदा नेण्याआधीच हा विषय काढायचा. बँक तयार झालीच नाही तर दोघा भावांनी आईसाठी वेगळा करार करायचा. तिथे राहणं शक्य झालं नाही तर तिच्या निवासाची सोय दोघं मिळून करतील, कोणी किती भार उचलायचा, हे सगळं त्यात लिहायचं. तुम्ही बाजारापेक्षा 25 लाख कमी घेताय, ते कदाचित धाकटा आईला सांभाळतोय म्हणूनच घेताय. तसं असेल तर तेही लिहा. नाहीतर दहा वर्षांनी सवलत सगळे विसरतात आणि सांभाळण्यावरून वाद सुरू होतो.

याच्या उलट, आई किंवा वडील स्वतःच्या नावावरचं घर मुलाला स्वस्तात विकत किंवा बक्षीस देत असतील, तर कलम 23 ची अट दस्तात स्पष्ट शब्दांत घालाच. अट दस्तात नसेल तर ती होती हे सिद्ध करण्याचा भार त्या वयात त्यांच्यावर येतो, आणि न्यायालयांनी या प्रश्नावर वेगवेगळी मतं दिली आहेत.

पैशांचं देणंघेणं पूर्णपणे बँकेतून. ऐकायला साधं वाटतं, पण नात्यात जुने हिशेब असतात. माझ्या आजारपणात त्याने 4 लाख दिले होते, ते यातच वळते करू, असं लोक सहज म्हणतात. त्याऐवजी ते 4 लाख तुम्ही त्याला आधी बँकेतून परत करा, मग त्याने घराचे पूर्ण पैसे तुम्हाला द्यावेत. दस्तात मोबदला मिळाला असं लिहिलेलं असेल आणि बँकेच्या उताऱ्यात तो कुठेच दिसत नसेल, तर दस्ताचा पायाच डळमळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या केवल कृष्ण विरुद्ध राजेश कुमार या निकालात घरातलाच व्यवहार होता. कुलमुखत्यारपत्राच्या (दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याच्या अधिकारपत्राच्या) आधारे भावाने मिळकत स्वतःच्या बायको-मुलांच्या नावे विकली, दस्तात किंमत लिहिली, पण ती प्रत्यक्ष दिल्याचा पुरावा नव्हता. किंमत दिलेली नाही आणि पुढे द्यायचंही ठरलेलं नाही अशी विक्री विक्रीच नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. यावरून आणखी एक गोष्ट घ्या: येणं शक्य नसलं म्हणून कुलमुखत्यारपत्र द्यावं लागलं, तर ते घर घेणाऱ्याच्या किंवा त्याच्या बायकोच्या नावाने देऊ नका. तिसऱ्या माणसाला द्या.

भावाचे 20 लाख एकदम जमत नसतील आणि तो दोन वर्षांत देणार असेल, तर तेही चालतं. रक्कम, तारखा, व्याज घ्यायचं की नाही, हप्ता चुकला तर काय, हे दस्तात घाला. मालकी गेली आणि पैसे बाकी राहिले तर न मिळालेल्या रकमेपुरता विकणाऱ्याचा त्या मिळकतीवर बोजा राहतो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये आहे. पण दस्तात तुम्ही पूर्ण मोबदला मिळाला असं लिहून दिलंत, तर स्वतःच्याच हाताने ते गमावता. आणि बँक असा उरलेला बोजा सहसा मान्य करत नाही. ती आधी भावाचा स्वतःचा वाटा भरलेला पाहते आणि मग कर्जाचा धनादेश काढते. भावंडांमधल्या खरेदीला बँका जरा जास्त चौकशी करतात, कारण काही जण विक्रीच्या नावाखाली नुसतं कर्ज उचलतात. भावाचा वाटा त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात गेलेला दिसला की शंका उरत नाही.

बाकीचं काम धावपळीचं आहे, अवघड नाही. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजे तपासल्याचा अहवाल) काढा, भाऊ असला तरी. बँक तो मागणारच आहे. तुमच्यावर गृहकर्ज असेल तर ते फेडून बोजा उतरवल्याचं पत्र आणि मूळ कागद परत घ्या. सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि बँकेसाठी लागणारं ना हरकत पत्र मागा. हस्तांतरण फी 500 रुपये असते. अधिमूल्य म्हणून जे 25,000 पर्यंत घेतलं जातं ते आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) कुटुंबातल्या व्यक्तीला हस्तांतरण होताना घेता येत नाही, आणि कुटुंबात भाऊ येतो. समितीने मागितलं तर उपविधी दाखवा आणि शांतपणे नकार द्या.

मसुदा एका वकिलाने केला तरी दुसऱ्या भावाने तो स्वतःच्या माहितीतल्या वकिलाला वाचायला द्यावा, यात अविश्वास नाही. दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी माहिती ऑनलाइन भरून ठेवा, शुल्क ई-चलनाने भरा, दोन साक्षीदार आणि सगळ्यांची आधार-पॅन कार्डं बरोबर घ्या. सही केल्यापासून 4 महिन्यांत दस्त नोंदणीला गेला पाहिजे. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे घ्या, वयाने तरुण, जे वीस वर्षांनीही सापडतील.

नोंदणीनंतर सूची दोनचा (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याचा) उतारा काढून त्यातली नावं, क्षेत्रफळ आणि मोबदला दोघांनी मिळून तपासा. चूक असेल तर चूक दुरुस्तीपत्र तेव्हाच होतं, सगळे हाताशी असतात. मग शेअर सर्टिफिकेट, मिळकत कर आणि महावितरणचं बिल भावाच्या नावावर करून घ्या. नात्यात हे वर्षानुवर्षं राहून जातं आणि कर थकला की नोटीस जुन्या मालकाला येते. तुम्ही त्या वर्षीच्या विवरणपत्रात ही विक्री दाखवा, कर शून्य आला तरी. टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतोय आणि विक्री दिसत नाही, अशी स्थिती नको. दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेणार असाल तर उरलेल्या नफ्यावर सूट मिळू शकते, ते सीएला आधीच सांगून ठेवा.

यातलं पहिलं काम मात्र कुठल्याही कार्यालयात नाही. येत्या रविवारी आई, बहीण आणि तुम्ही दोघं एकत्र बसा, 80, 68 आणि 55 हे तिन्ही आकडे सगळ्यांसमोर ठेवा आणि आईचं राहणं ठरवा. मसुदा करायला माझ्यासारख्या कोणाकडे जाल, ते त्यानंतर.